पेस्लिपवर बीआर दिसतंय? आधी पेरोलवर ओरडू नका

यूकेत नोकरी बदलली की पहिल्या पगाराच्या दिवशी आपल्या मराठी ग्रुपवर कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, "अरे एवढा टॅक्स कसा काय कापला?" माझापण आला होता. ऑक्टोबरात नवीन ठिकाणी लागले, पगार महिन्याला ३,००० पौंड, म्हणजे आधीच्या जागी होता तेवढाच, फक्त ऑफिस घराजवळ. महिनाअखेरीस ट्रेनमध्ये पेस्लिपची पीडीएफ उघडली तर टॅक्सच्या रकान्यात ६०० पौंड. आधीच्या नोकरीत साधारण ३९० कापले जायचे. २१० पौंड गेले कुठे म्हणून तिथेच उभ्याउभ्या पेरोलला मेल टाकला, तीन प्रश्नचिन्हं लावून. पेरोलवाल्या बाईंचं उत्तर आलं की हा टॅक्स कोड एचएमआरसीने (इथल्या टॅक्स खात्याने) पाठवलाय, आम्हाला तो बदलता येत नाही, तुम्ही त्यांच्याशीच बोला. मला वाटलं टोलवतायत. पण त्यांचं बरोबर होतं आणि हे आधी माहीत असतं तर माझे दोन दिवस आणि बरंचसं रक्त वाचलं असतं, म्हणून हे सगळं लिहितेय.

तर आधी पेस्लिप काढा आणि टॅक्स कोड शोधा, बहुतेक वेळा वरच्या कोपऱ्यात नाहीतर तुमच्या एनआय (नॅशनल इन्शुरन्स) नंबरच्या शेजारी असतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या, एकच नोकरी असलेल्या बहुतेकांचा कोड १२५७एल असतो. त्यातलं १२५७ म्हणजे वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंत टॅक्स नाही, शेवटचा आकडा खाऊन टाकतात एवढंच, आणि एल म्हणजे तुम्हाला नेहमीची पर्सनल अलाउन्स, म्हणजे ही बिनटॅक्सची रक्कम, आहे. हा आकडा २०२१ च्या एप्रिलपासून हललेला नाही. महिन्याला भाग केला तर साधारण १,०४७ पौंड बिनटॅक्सचे, त्याच्या वर २० टक्के, आणि वर्षाला ५०,२७० च्या वर गेलात की तिथून पुढच्या रकमेवर ४० टक्के.

मला दिसला होता बीआर. म्हणजे बेसिक रेट, पहिल्या पौंडापासून २० टक्के, अलाउन्स शून्य. ३,००० चे २० टक्के ६००, गणित बरोबर, फक्त माझी १,०४७ पौंडांची सूट कुणीतरी दुसरीकडे ठेवलेली. ते दुसरीकडे म्हणजे कुठे ते पुढे सांगते, खरी गंमत तीच आहे.

बीआरचा एक चुलतभाऊ आहे ०टी. त्यातपण अलाउन्स नसते, पण २०, ४०, ४५ टक्क्यांचे टप्पे लागतात. डी० म्हणजे सगळ्या पगारावर सरसकट ४० टक्के, डी१ म्हणजे ४५. आणि कोड १२५७एलच आहे पण शेपटीला एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स लागलंय, तर त्याला लोक इमर्जन्सी कोड म्हणतात. नाव ऐकून धस्स होतं पण तो त्यातल्या त्यात सज्जन आहे, अलाउन्स मिळते, फक्त प्रत्येक महिना सुटा धरला जातो आणि मागचं काही बघितलं जात नाही.

हे "मागचं बघणं" नीट समजून घ्या, कारण भारतातून नवीन आलेल्यांचे पैसे इथेच अडकतात. इथलं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. साधा १२५७एल हा बेरजेवर चालतो, म्हणजे ६ एप्रिलपासून आजपर्यंत किती कमावलं, किती अलाउन्स साठली, किती टॅक्स आधीच गेला, असा दर महिन्याला नव्याने हिशोब. समजा तुम्ही सप्टेंबरच्या शेवटी पुण्याहून आलात, ऑक्टोबरात नोकरी सुरू झाली, पहिला पगार २,६००. एप्रिलपासून तुमच्या खात्यात सात महिन्यांची अलाउन्स साठलेली आहे, ७,३०० पौंडांच्या वर, भले तुम्ही त्यातले सहा महिने इथे नव्हता. त्यामुळे साध्या १२५७एल वर पहिल्या पगारावर टॅक्स शून्य. दुसऱ्यावरही शून्यच, कारण आठ महिन्यांची अलाउन्स झाली ८,३८० आणि तुमची कमाई अजून ५,२००. आता त्याच पगारावर एम१ लागला तर ३१० पौंड जातात आणि बीआर किंवा ०टी लागला तर ५२०. नवीन घराचं डिपॉझिट भरून, आर्गोसमधून गादी आणि कुकर घेऊन आधीच खडखडाट झालेला असतो त्या महिन्यात, ५२० पौंड म्हणजे काय ते मी सांगायला नको.

मग चूक होते कुठे? टॅक्स कोड म्हणजे एचएमआरसीने त्यांच्याकडे असलेल्या माहितीवरून बांधलेला अंदाज असतो. माहितीतली एक गोष्ट चुकीची किंवा गायब असली की अंदाज फसतो. तेव्हा "माझा कोड चुकलाय" असं न म्हणता "माझ्याबद्दल त्यांना कुठली गोष्ट चुकीची माहीत आहे" हे शोधायचं. नवीन नोकरीत ती बहुतेक वेळा खालच्या दोन-तीनपैकीच एक असते.

सगळ्यात कॉमन म्हणजे स्टार्टर चेकलिस्ट. आधीची नोकरी यूकेतच होती तर तिथून पी४५ (नोकरी सोडताना मिळणारा पगार-टॅक्सचा कागद) मिळतो, त्यातले भाग २ आणि ३ नवीन कंपनीला द्यायचे आणि भाग १ए स्वतःकडे जपून ठेवायचा. पी४५ नसेल किंवा यायला उशीर असेल तर एचआर एक फॉर्म भरायला देतं, आजकाल बऱ्याचदा जॉइनिंगच्या ऑनलाइन ढिगाऱ्यातच तो असतो, बँक डिटेल्स आणि आणीबाणीचा फोन नंबर यांच्या मधे कुठेतरी, आणि आपण रात्री साडेअकराला नेक्स्ट नेक्स्ट करत जातो. त्यात ए, बी, सी अशी तीन वाक्यं असतात, एकावर टिक करायची. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची ही माझी पहिलीच नोकरी, मधे बेरोजगारी भत्ता वगैरे नाही, पेन्शन नाही. बी म्हणजे आता हीच एक नोकरी आहे पण ६ एप्रिलनंतर आधी दुसरी होती. सी म्हणजे मला आत्तासुद्धा दुसरी नोकरी किंवा पेन्शन चालू आहे. ए ला साधा १२५७एल मिळतो, बी ला १२५७एल एम१, सी ला बीआर. आणि फॉर्म भरलाच नाही तर पेरोलला ०टी लावावा लागतो, तोपण एम१ सकट, म्हणजे दुहेरी मार.

आमच्या ओळखीतल्या एका नाशिकच्या मुलाने सी वर टिक केली होती. का तर म्हणे भारतातल्या कंपनीने फुल अँड फायनल अजून दिलं नव्हतं, त्यामुळे "तांत्रिकदृष्ट्या दुसरी नोकरी आहेच ना". प्रामाणिकपणाचा कळस! थेट भारतातून पहिल्यांदा इथे येताय, या टॅक्स वर्षात इथे कुठेही काम केलेलं नाही, तर तुमचं वाक्य ए. टिक चुकली असेल आणि पहिला पगार अजून व्हायचाय तर एचआरला लगेच सांगा, तेवढ्या टप्प्यावर ते दुरुस्त करू शकतात. पगार होऊन माहिती एचएमआरसीकडे गेली की मग त्यांच्यामार्फतच बदल.

दुसरं कारण माझं. एचएमआरसीच्या ॲपमध्ये गेले, तिथे माझ्या नावावर दोन नोकऱ्या. नवीन कंपनी खाली, जुनी वर, आणि जुनीच्या पुढे सोडल्याची तारीखच नाही. झालं असं की माझ्या उरलेल्या रजेचे पैसे ते पुढच्या महिन्यात देणार होते म्हणून त्यांच्या पेरोलने मला सिस्टिममधून काढलंच नव्हतं. एचएमआरसीला वाटलं बाई दोन ठिकाणी राबतायत, मुख्य नोकरी जुनी, तर अलाउन्स तिकडे राहू दे आणि नवीनला बीआर. म्हणजे माझे १,०४७ पौंड दर महिन्याला अशा नोकरीला चिकटून बसले होते जिथे मी जातच नव्हते. ॲपमध्ये त्या नोकरीवर जाऊन ती संपली असं सांगितलं, शेवटची तारीख टाकली, पाच मिनिटांचं काम. दहाएक दिवसांनी ॲपमध्ये नवीन कोड दिसला, १२५७एल, शेपटी नसलेला. नोव्हेंबरच्या पेस्लिपवर टॅक्स १८०, म्हणजे नेहमीच्या ३९० मधून ऑक्टोबरचे जास्तीचे २१० वजा करून. कुठे अर्ज नाही, काही नाही. आपल्याकडे टीडीएस जास्त कापला की रिटर्न भरून रिफंडची वाट बघत बसायचं असतं, इथे पगारदाराला बहुतेक वेळा रिटर्नच भरायचं नसतं आणि कोड वर्षाच्या आत सुधारला तर पैसे पगारातूनच परत येतात. हे मला फार आवडलं, खोटं कशाला बोलू.

तिसरं कारण म्हणजे जुन्या कंपनीच्या सोयीसुविधा. समजा जुनी कंपनी प्रायव्हेट मेडिकल इन्शुरन्स देत होती, वर्षाचे ६०० पौंड धरले, तर त्यावर टॅक्स घ्यायला तुमचा कोड ११९७एल केलेला असतो. नोकरी सोडलीत, इन्शुरन्स संपला, पण कोडातले ६०० तसेच. ॲपमध्ये कोड कसा बनला त्याचा तक्ता असतो, अलाउन्स इतकी, वजा अमुक, वजा तमुक. तो एकदा ओळीओळीने वाचा, जे आता लागू नाही ते काढायला सांगा. तिथेच तुमच्या वर्षभराच्या पगाराचा अंदाजही दिसतो, जॉइनिंग बोनस आला असेल तर तो अंदाज कधीकधी भलताच फुगलेला असतो, तोही बदलता येतो. १ लाखाच्या वर अंदाज गेला तर दर २ पौंडांमागे १ पौंड अलाउन्स कमी होत जाते, त्यामुळे त्या पगाराच्या आसपास असलेल्यांनी हा आकडा जरूर बघावा.

आता प्रत्यक्ष करायचं कसं. एचएमआरसीचं ॲप फोनवर घ्या किंवा सरकारी साइटवर इन्कम टॅक्स तपासायची सेवा आहे तिथे जा. लॉगिन बनवताना ओळख पटवावी लागते आणि नवीन आलेल्यांची गाडी इथेच अडते, कारण ते विचारतात ब्रिटिश पासपोर्ट, इथलं लायसन्स, पी६० (वर्षअखेरीला कंपनी देते तो पगार-टॅक्सचा दाखला), नाहीतर इथल्या बँक-मोबाइलच्या हिस्टरीवरचे प्रश्न, आणि तुम्हाला इथे येऊन होतायत सात आठवडे. दोन-तीनदा प्रयत्न करून जमलं नाही तर डोकं आपटत बसू नका, फोन करा. इन्कम टॅक्सची हेल्पलाइन ०३०० २०० ३३००, सोमवार ते शुक्रवार सकाळी ८ ते संध्याकाळी ६. आधी मशीन बोलतं, त्याला पूर्ण कहाणी सांगायची नाही, कामाचे दोन-तीन शब्द बोलायचे, की टॅक्स कोड चुकीचा आहे. मग संगीत. मी आठ वाजता लावते, भाजी फोडणीला टाकायच्या वेळी लावलात तर भाजी करपेल पण माणूस येणार नाही.

फोन लावायच्या आधी समोर ठेवा: एनआय नंबर, शेवटची पेस्लिप, पी४५ असेल तर तो, आणि नवीन कंपनीचा पेये (PAYE) रेफरन्स, म्हणजे एचएमआरसीकडचा कंपनीचा नंबर, जो तीन आकडे मग तिरकी रेघ मग अक्षरं-आकडे असा पेस्लिपवर किंवा पी४५ वर असतो. जुनी नोकरी सुटल्याची नेमकी तारीख आणि नवीन सुरू झाल्याची तारीख कागदावर लिहून ठेवा, ऐनवेळी "साधारण महिनाअखेर" म्हणू नका. बोलणं झालं की फोन ठेवायच्या आधी दोन गोष्टी विचारा. नवीन कोड काय आहे, आणि तो क्युम्युलेटिव्ह आहे का. क्युम्युलेटिव्ह म्हणजे वर सांगितलेला बेरजेवर चालणारा कोड, हा शब्द तसाच वापरा. कारण नवीन कोडालाही एम१ची शेपटी लागली तर पुढचा टॅक्स बरोबर कापला जाईल पण मागचा जास्तीचा परत येणार नाही, तो वर्ष संपेपर्यंत लटकला. शेपटी नसेल तर पुढच्या पेस्लिपमध्ये हिशोब आपोआप सरळ होतो.

त्यानंतर कोड पेरोलला थेट इलेक्ट्रॉनिक जातो, तुम्हाला पत्र किंवा ॲपवर नोटीस. इथे पेरोलला एक गोड मेल टाकायला हरकत नाही, की नवीन कोड आला का आणि या महिन्याच्या पगारात बसेल का, कारण बऱ्याच ठिकाणी पेरोल पगाराच्या आठ-दहा दिवस आधीच बंद होतो. नाही बसला तर पुढच्या महिन्यात. आणि एक, नोकरी सुरू होऊन जेमतेम दोन-तीन आठवडे झाले असतील तर थोडा दम धरा. माहिती पोचून कोड सुधारायला ३५ दिवसांपर्यंत लागू शकतात आणि बऱ्याच जणांचा कोड काही न करता दुसऱ्या पगारापर्यंत ठीक होतो. दुसऱ्या पेस्लिपवरही चुकीचाच असेल तर मात्र हलायचं.

५ एप्रिल उलटून गेला आणि चूक तशीच राहिली तर? एम१ची शेपटी नवीन वर्षात गळून पडते, बीआर मात्र आपणहून जात नाही. गेल्या वर्षीच्या पैशांचं असं की ३१ मेपर्यंत कंपनी पी६० देते, आपल्या फॉर्म सोळाचा लांबचा नातेवाईक म्हणा, आणि मग जूननंतर एचएमआरसी हिशोब करून पी८०० नावाचं पत्र पाठवतं, त्यात परत मिळणारी रक्कम आणि ती मागायची कशी ते असतं. विसरलात तरी चार वर्षांपर्यंत मागता येते, म्हणून पी६० फेकू नका.

आता एक कडू गोष्ट, चुकीचा कोड नेहमी तुमच्या विरुद्धच असतो असं नाही. पगार वर्षाला साधारण ६३ हजारांच्या वर असेल आणि बीआर लागला असेल तर अलाउन्स गेली तरी ४० टक्केवाला भागही २० टक्क्यांनीच कापला जातोय, म्हणजे टॅक्स कमी जातोय. ८४,००० पगारवाल्याला बीआरवर महिन्याला साडेतीनशे पौंड हातात जास्त येतात आणि तो खूश असतो की इंग्रज चांगली माणसं आहेत. तसंच जुनी नोकरी चालू असताना नवीनमध्ये ए वर टिक केली तर अलाउन्स दोन्हीकडे मिळते, वर्षभर तसं चाललं तर २,५०० पौंडांपर्यंतची उधारी. हे पैसे एचएमआरसी सोडत नाही. बहुतेक वेळा पुढच्या वर्षीचा कोड कमी करून हप्त्याहप्त्याने घेतात, उदाहरणार्थ ६०० पौंड देणं असेल तर १२५७एल चा ९५७एल होतो. म्हणून पगार अचानक जास्त आला तरी कोड बघा.

आणि काही कोड विचित्र दिसतात पण बरोबर असतात, ते "दुरुस्त" करायला जाऊ नका. हॉस्पिटलमध्ये कायमची नोकरी आणि वर बँक शिफ्ट (लागेल तेव्हाच्या जादा पाळ्या) करणाऱ्या आपल्या नर्स मुलींना दुसऱ्या कामावर बीआर येतो, तो बरोबरच आहे, अलाउन्स एकदाच मिळते. मात्र विद्यार्थी असाल, दोन ठिकाणी थोडे थोडे तास करत असाल आणि दोन्ही मिळून १२,५७० च्या आत असाल तर फोन करून अलाउन्स दोन्हीत वाटून द्या म्हणून सांगता येतं. कोडाच्या शेवटी एम असेल, १३८३एम असा, तर बायको किंवा नवऱ्याने आपल्या अलाउन्समधले १,२६० तुम्हाला दिलेत, ती फायद्याची गोष्ट. सुरुवातीला एस असेल तर स्कॉटलंड, सी असेल तर वेल्स. ग्लासगोहून लंडनला नोकरी बदलून आलात आणि एस अजून चिकटलेला असेल तर एचएमआरसीकडे पत्ता बदललेला नाही. कंपनीला कळवलं म्हणजे त्यांना कळलं असं होत नाही, ॲपमध्ये पत्ता वेगळा बदलावा लागतो. आणि पेस्लिपवर एनआय म्हणून जे कापलं जातं त्याचा टॅक्स कोडाशी काही संबंध नाही, ते वेगळं, त्यात गल्लत नको.

रिफंडची चर्चा सुरू झाली की फोनवर मेसेजही यायला लागतात, "तुमचे ४७८ पौंड बाकी आहेत, इथे क्लिक करा". एचएमआरसी रिफंडसाठी असं लिंकवर बोलावून बँक डिटेल्स मागत नाही. असा मेसेज ६०५९९ वर फॉरवर्ड करा आणि उडवा. रिफंड मिळवून देतो म्हणणाऱ्या एजंट कंपन्यापण भरपूर आहेत, त्या तुमच्याच पैशांतून मोठा तुकडा घेतात, ते काम वरच्या पाच मिनिटांत फुकट होतं.

शेवटी, कायमचे परत निघालेल्यांसाठी. वर्षाच्या मधे यूके सोडलं तर अलाउन्स पूर्ण वर्षाची असते पण तुमच्या पगारात फक्त काही महिन्यांची वापरली गेलेली असते. महिना ३,००० पगारावर सप्टेंबरअखेर सोडून गेलात, १८,००० कमाई, आणि त्या वर्षात इथे पुढे दुसरी काही कमाई नाही, तर खरा टॅक्स १,०८६ आणि कापला गेलेला असतो २,३४० च्या आसपास. साडेबाराशे पौंड तुमचे. त्यासाठी पी८५ फॉर्म भरायचा, सोबत पी४५ मधली माहिती लागते. आमच्या शेजारच्या काकांनी फॉर्म व्यवस्थित भरला आणि विमानात बसायच्या आदल्या दिवशी इथलं बँक खातं बंद केलं. पैसे जमा होईपर्यंत ते खातं राहू द्या.